पोर्ट चौदावर कमल

"लायसन सोळांचं घेतलंय ना आपण? मग माझी तेरा मशीनं असताना तुमचा कॉम्प्युटर 'जागा नाही' कसं म्हणतो?"

फणसे साहेबांनी हे मला तिसऱ्यांदा विचारलं. ठाण्याला खाडीच्या बाजूला एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं, तिथले ते ॲडमिनिस्ट्रेटर. मी डोंबिवलीच्या एका छोट्या कंपनीची सर्व्हिस इंजिनियर. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट आहे. आमच्या कंपनीत चारच माणसं होती, आणि हे हॉस्पिटल आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

"बघते साहेब," मी म्हटलं.

"आठवडाभर तुम्ही बघताच आहात. या शनिवारपर्यंत झालं नाही, तर मी परत वह्या सुरू करतो. वही कधी कुणाला जागा नाही म्हणाली नाही."

आधी ही जागेची भानगड सांगते. तेव्हा प्रत्येक टेबलावर स्वतंत्र कॉम्प्युटर नसायचा. एका खोलीत एकच मोठं मशीन, त्याला सर्व्हर म्हणायचं. बाकी ठिकाणी नुसती टर्मिनलं. टर्मिनल म्हणजे पडदा आणि कीबोर्ड, त्याला स्वतःची अक्कल अशी काही नाही. तुम्ही कळ दाबली की ते अक्षर वायरीतून सर्व्हरकडे जाणार आणि तिकडून परत येऊन पडद्यावर हिरवं उमटणार. हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर होतं आणि त्याचं लायसन सोळा जणांचं होतं. एका खोलीत सोळा खुर्च्या ठेवाव्यात तसं. आत येणारा लॉगिन करतो, एक खुर्ची घेतो. काम झालं की लॉगआउट करतो, खुर्ची मोकळी होते. सतरावा आला की त्याला दारातच निरोप मिळायचा: यूजर लिमिट एक्सीडेड.

रोज सकाळी मशीन सुरू केलं की सगळं छान असायचं. अकरा-साडेअकरा झाले की खुर्च्या संपायच्या. सोळाच्या सोळा भरलेल्या, आणि हॉस्पिटलभर फिरून मोजलं तर माणसं बाराच.

रजिस्ट्रेशनच्या मागच्या बाजूला एक अरुंद खोली होती, तिथे सर्व्हर होता. ए.सी.ची एकसुरी घरघर, आणि वरच्या झरोक्यातून येणारा उन्हाचा एकच पट्टा. त्या खोलीत बसलं की बाहेर हॉस्पिटल आहे हे विसरायला व्हायचं. मी तिथे बसून खुर्च्यांची यादी काढली. यादीत तीन गोष्टी दिसतात: नाव, पोर्ट, आणि किती वेळापासून बसलाय. पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या मागे जिथे त्या टर्मिनलची वायर लागते ते भोक. प्रत्येकाला नंबर.

यादी वाचताना मला दोन गोष्टी दिसल्या. कॅज्युअल्टी, पोर्ट तीन, असं तीन वेळा होतं. एका टर्मिनलवर एकच माणूस बसतो, तो तीन खुर्च्या कशा अडवेल? आणि सगळ्यात शेवटी: कमल, पोर्ट चौदा.

टर्मिनलं तेरा. चौदा नंबरच्या भोकावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती: स्पेअर. पण त्यात एक राखाडी वायर घट्ट बसवलेली होती.

आधी कॅज्युअल्टीत गेले. तिथे उत्तर पाच मिनिटांत मिळालं. टर्मिनल आणि सक्शन मशीन यांना मिळून भिंतीवर एकच सॉकेट होतं. पेशंटच्या घशातला कफ ओढून काढायला सक्शन लागतं. ते लागलं की सिस्टर टर्मिनलचा प्लग उपटायच्या, सक्शनचा लावायच्या. काम झालं की परत टर्मिनलचा. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पण लॉगआउट न करता प्लग निघाला की माणूस जातो आणि खुर्ची त्याच्या नावावर अडून राहते. परत लॉगिन केलं की नवी खुर्ची. सकाळभरात तीन-चारदा सक्शन लागलं की तेवढी लायसन्स वाया गेली.

मी परत येऊन यादीतल्या त्या तिन्ही अडलेल्या ओळी हाताने पुसल्या. तीन खुर्च्या मिळाल्या. मग डोंबिवलीला केळकर सरांना, म्हणजे आमच्या मालकांना, फोन लावला.

"छान. आणि तो चौदावा?"

"कमल म्हणून कोणीतरी आहे, सर. टर्मिनल कुठे आहे ते सापडत नाहीये."

"सापडायचंय कशाला? सेशन मार, लॉगिन डिलीट कर, विषय संपव."

सेशन मारणं म्हणजे इथून एक कमांड देऊन त्या माणसाचं काम जबरदस्तीनं बंद करणं. आमच्या धंद्यात हा शब्द सहज तोंडात बसतो. तरी मी रजिस्ट्रेशनच्या खिडकीवरल्या शुभांगीला विचारलं, "अगं, कमल कोण?"

"कमलताई? मेडिकल रेकॉर्डच्या?" ती कार्ड लिहिता लिहिता थांबली. "त्या गेल्या ना गं. दीड वर्ष झालं असेल. पोटाचा कॅन्सर. का?"

"काही नाही," मी म्हटलं.

खोलीत परत आले. पडद्यावर ती ओळ तशीच होती. कमल, पोर्ट चौदा, दोन तास दहा मिनिटं. मी बघत असतानाच दहाचे अकरा झाले. त्या थंड खोलीत, भर दुपारी, माझ्या अंगावर काटा आला हे मी कबूल करते. मग मीच मला रागावले आणि कमांड दिली. कमल गेली.

चार मिनिटांनी ती परत आली. पोर्ट चौदा, शून्य मिनिटं.

मी परत मारलं. ती परत आली. आता मला जिद्द चढली. तिसऱ्यांदा मारलं आणि घड्याळाकडे बघत बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चौथ्यांदा ती आली नाही. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एखादं माणूस दारावर टकटक करता करता थांबावं आणि आपण आतून ऐकत राहावं, तशी ती शांतता होती.

तेवढ्यात कॅज्युअल्टीच्या लोबो सिस्टर धावत आल्या. "मॅडम, परत तेच! जागा नाही म्हणतंय. दम्याचा पेशंट आलाय, बोलायच्या स्थितीत नाही, बरोबर फक्त शेजारी आहे. मागच्या महिन्यात इथेच ॲडमिट होता. कसली ॲलर्जी लिहिलीय का ते डॉक्टरांना हवंय."

मी यादी काढली. कमलच्या नावावर तीन मेलेल्या खुर्च्या होत्या. प्लग उपटला काय आणि मी कमांड दिली काय, दोन्हींत माणूस जबरदस्तीनं जातो आणि खुर्ची अडते. मघाशी कॅज्युअल्टीच्या तीन पुसल्या होत्या. तेवढ्याच मी कमलला मारून स्वतः घालवल्या होत्या. म्हणून ती चौथ्यांदा आली नव्हती. तिलाही दारातून परत पाठवलं गेलं होतं. मग कॅज्युअल्टीत सक्शनसाठी प्लग निघाला आणि त्यांनाही परत आत येता येईना.

ओळी पुसायला अर्धं मिनिट लागलं. "आता करा सिस्टर." त्या धावत गेल्या, मीही मागे गेले. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: पेनिसिलिन, गंभीर रिॲक्शन. डॉक्टरांनी ट्रेमध्ये भरून ठेवलेलं एक इंजेक्शन बाजूला केलं आणि दुसरं मागितलं. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. बघायचं कारणही नव्हतं. दारातल्या बाकावर मी थोडा वेळ बसले.

मग उठले आणि ठरवलं, आता कमांड नाही. राखाडी वायर धरायची आणि जिथे नेईल तिथे जायचं.

वायर भिंतीतल्या भोकातून कॉरिडॉरमध्ये आली. पाइपांच्या वरून, स्वयंपाकघराच्या दारावरून गेली. तिथे आमटीचा वास होता. मग एका फुटक्या तावदानातून बाहेर. बाहेर ऊन होतं आणि माणूस नव्हतं. दोन इमारतींच्या मधल्या बोळात ती भिंतीच्या कडेनं चालली होती, आणि जिथे जिथे ती लोंबायला बघत होती तिथे निळ्या नायलॉनच्या दोरीनं बांधलेली होती. मासेमारीच्या जाळ्याची दोरी. गाठी एकसारख्या, सुबक. आमच्या धंद्यात अशा वायरीला पन्नास फुटांची मर्यादा सांगतात. ही दोनशेच्या पुढे गेली असेल. इतक्या लांब अक्षरं न बिघडता पोचवायची, तर वेग खूपच कमी ठेवावा लागतो. ज्याने हे केलं त्याला हे माहीत होतं, किंवा त्यानं करून करून शोधलं होतं.

वायर जुन्या इमारतीच्या शेवटच्या खोलीत शिरली. दार उघडंच होतं.

आत भिंतीला लागून रॅक होते आणि त्यांत लाल कापडी पुठ्ठ्यांची रजिस्टरं. मागच्या खिडकीतून खाडी दिसत होती. भरती होती बहुतेक, कारण पाण्यावरचा उजेड छतावर हलत होता. खिडकीशी एक टर्मिनल, आम्हीच पूर्वी बाद केलेलं. पडदा मधूनच थरथरायचा. त्याच्यापुढे साठीच्या आसपासचा एक माणूस, खाकी शर्ट, जाड चष्मा. शेजारी स्टुलावर एक कोळीण बसली होती, मांडीवर प्लास्टिकची पिशवी.

"कॉम्प्युटरवाल्या मॅडम ना तुम्ही?" तो माणूस उठून उभा राहिला. "बरं झालं आलात. आज सारखं बाहेर टाकतंय मला."

"तुम्ही कोण?"

"मी नाखवा. रेकॉर्ड अटेंडंट."

"आणि कमल?"

त्यांनी पडद्याकडे बघितलं, जणू ती तिथेच बसली होती. "कमलताई माझ्या साहेब होत्या," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. सांगताना ते घाई करत नव्हते. कॉम्प्युटर आल्यावर हॉस्पिटलनं नियम केला, की जन्माचा दाखला काढायला लागणारं पत्र यापुढे फक्त कॉम्प्युटरमधल्या नोंदीवरून द्यायचं. पण कॉम्प्युटरमध्ये नोंदी होत्या त्या तो आल्यानंतरच्या. त्याआधी इथे जन्मलेल्या सगळ्यांच्या नोंदी या लाल रजिस्टरांत होत्या. कोळीवाड्यातून, कळव्यातून, पार टिटवाळ्याकडून माणसं यायची आणि खिडकीवरून परत जायची. कमलताईंनी मग कोणी न सांगता एक रजिस्टर काढून टाइप करायला घेतलं. रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. नाखवा काका रजिस्टर वाचायचे, त्या टाइप करायच्या. त्या आजारी पडल्या तेव्हा एक रजिस्टर अर्धं राहिलं होतं.

"मला टाइप करायला त्यांनीच शिकवलं. पण अटेंडंटला लॉगिन मिळत नाही. नियम आहे. पासवर्ड त्यांनी मला लिहून दिला हॉस्पिटलच्या खाटेवर. म्हणाल्या, तेवढं अर्धं पुरं करा. पुरं केलं, मग पुढचं घेतलं. टर्मिनल भंगारात जाणार होतं, ते इथे आणलं. वायर मीच ओढली. आज तीन वेळा बाहेर पडलो. चौथ्यांदा दारच उघडेना. मला वाटलं, आता त्यांनाच नको असेल."

मला खोटं बोलता आलं असतं. "काका, मी टाकलं तुम्हाला बाहेर," मी म्हटलं.

त्यांच्याआधी ती बाई बोलली. "अगो बाय, तूच का ती? माझे पोराचं तीनदा लिवलं यांनी, तीनदा गेलं!"

तिचं नाव हिरा. तिचा मुलगा जहाजावर खलाशी म्हणून निवडला गेला होता. शुक्रवारी जन्माचा दाखला दाखवायचा होता. नाही दाखवला तर जहाज त्याला न घेता जाणार. दाखल्यासाठी हॉस्पिटलचं पत्र हवं, पत्रासाठी नोंद. आणि ती नोंद टाइप होता होता मी मारली होती. एकदा नव्हे, तीनदा.

"बसा काका," मी म्हटलं. "परत करूया. मी वाचते, तुम्ही टाइप करा."

रजिस्टरचं पान दमट होतं, शाई पसरून जांभळी झालेली. आईचं नाव हिरा. गाव चेंदणी. मुलगा. पहाटे पाच वीस. वजन सहा पौंड. बाळाचं नाव या रकान्यात एक आडवी रेघ. वरखाली सगळ्यांनाच तशी रेघ होती. नाव नसलेली बाळं, पानामागून पान, प्रत्येकाला फक्त एक वेळ आणि एक वजन. मी वाचत होते आणि अक्षरं पडद्यावर येत होती. त्या मंद वेगावर ती एकदम येत नाहीत. एकेक करून उगवतात. एच, आय, आर, ए. हिराबाई पडद्याजवळ सरकून बघत होत्या. त्यांना ती लिपी वाचता येत नव्हती, पण आपलं नाव येतंय हे कळत होतं. छतावर पाण्याचा उजेड हलत होता. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. सर्व्हरवरच्या यादीनुसार अठरा मिनिटं. शेवटच्या रकान्यात, नोंद करणाऱ्याचं नाव, मशीननं आपोआप लिहिलं: कमल.

पत्र शुभांगीच्या प्रिंटरवर छापलं. सहीला ते फणसे साहेबांकडे न्यावं लागलं. मीच नेलं.

त्यांनी तारीख वाचली. "ही तर जुनी नोंद आहे. कॉम्प्युटर तेव्हा होता कुठे?" मग खालचं नाव वाचलं आणि चष्मा काढला. "हा काय प्रकार आहे?"

मी सगळं सांगितलं. वायर, टर्मिनल, पासवर्ड. माझ्या तीन कमांडसुद्धा.

"म्हणजे मेलेल्या बाईच्या नावानं माझ्या सिस्टीममध्ये रोज कोणीतरी शिरतंय, आणि म्हणून कॅज्युअल्टीला जागा मिळत नाही. ती वायर आजच्या आज काढा."

"साहेब, वायर काढली तर एक खुर्ची मिळेल. तुमच्या खुर्च्या कॅज्युअल्टीच्या प्लगमध्ये हरवतायत. आणि आज दुपारी तीन मी हरवल्या. काका फक्त एकच वापरतात, आणि रोज व्यवस्थित लॉगआउट करून जातात. अख्ख्या हॉस्पिटलात तसं करणारे तेच."

ते उठले, पत्र हातात घेतलं आणि चालायला लागले. मी मागून. बोळातून जाताना ते भिंतीवरच्या निळ्या गाठींकडे बघत होते.

खोलीत गेल्यावर त्यांनी कोणाला रागावलं नाही. उघडं रजिस्टर आपल्याकडे ओढून दोन पानं वाचली. मग हिराबाईंना विचारलं, "कधी हवंय?"

"शुक्कीरवारी, साहेब."

त्यांनी त्याच रजिस्टरवर पत्र ठेवून सही केली. हिराबाईंनी ते पिशवीत घातलं, पिशवी पदराखाली धरली आणि पाया पडायला वाकल्या, तशी साहेब दोन पावलं मागे सरले.

"नाखवा, पुढच्या आठवड्यात ही खोली रिकामी करायला सांगितलीय मी. रजिस्टरं रद्दीत जाणार आहेत. माहीत आहे ना?"

"हो साहेब. म्हणून तर घाई चाललीय."

"किती राहिलीत?"

"साडेतीन."

"किती दिवस लागतील?"

"माझ्या हातानं? दिवाळीपर्यंत."

साहेबांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "मग दिवाळीपर्यंत खोली राहू दे. पण हे दुसऱ्याचं लॉगिन चालणार नाही. मॅडम, यांच्या नावाचं बनवा. आत्ता."

ते बरोबरच होतं. मी लॉगिन बनवून आले आणि काकांना म्हटलं, "आता कमलमधून लॉगआउट करा. मग तुमच्या नावानं आत जा."

त्यांनी हात कीबोर्डवर ठेवले आणि तसेच ठेवले. "आधीच्या नोंदींवर त्यांचंच नाव राहील ना?"

"राहील. ते कोणाला बदलता येत नाही."

"या नावानं परत आत येता नाही येणार?"

"नाही, काका."

त्यांनी मान हलवली आणि कळ दाबली. पडदा काळा झाला, डावीकडून एकेक अक्षर येऊन ओळ पुरी झाली: लॉग्ड आउट. नंतर मी यादी तपासली तेव्हा ती खुर्ची मोकळी झालेली होती. त्या दिवशी कमलच्या नावाची चार सेशन्स संपली, त्यातलं हे एकच नीट संपलं.

बाकी काम सोपं होतं. इलेक्ट्रिशियननं कॅज्युअल्टीत दुसरं सॉकेट बसवलं. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो दर पंधरा मिनिटांनी यादी बघायचा आणि ज्या खुर्चीवर जिवंत माणूस नाही ती मोकळी करायचा. केळकर सर म्हणाले, जो दहा मिनिटं काही टाइप करत नाही त्यालाही बाहेर काढ. ते मी केलं नाही. नाखवा काकांना एकेक पुसट ओळ लावायला कधी कधी दहा मिनिटं लागायची.

सोळाच्या सोळा लायसन्स परत मिळाली. नवीन एकही घ्यावं लागलं नाही. हिराबाईंचा मुलगा जहाजावर गेला, हे मला शुभांगीकडून कळलं. नाखवा काकांचं काम दिवाळीला नाही, संक्रांतीला संपलं. फणसे साहेबांनी तोवर कोणाला खोलीला हात लावू दिला नाही.

माझ्या कॉल रिपोर्टमध्ये बिघाडाचं कारण या रकान्यात मी लिहिलं: एक प्लग आणि एक इंजिनियर. केळकर सरांनी दुसरं कारण खोडायला लावलं. पुढे पंचवीस वर्षं मी हेच काम केलं, मशीनं बदलली, लायसन्स बदलली, सेशन मारायची कमांड मात्र साधारण तशीच राहिली. ती देण्याआधी मी त्या माणसाला फोन करायचे. फोन नसेल तर चालत जायचे. बहुतेक वेळा तो चहाला गेलेला असायचा.